जुन्या नकाशाचं स्कॅन ट्रेस केलं, तर एका भिंतीच्या चार रेघा झाल्या

रेघोटी (सातारा)

नमस्कार मंडळी. मी सिव्हिल ड्राफ्ट्समन. आयटीआय करून नऊ वर्षं झाली, एका आर्किटेक्ट मॅडमच्या ऑफिसात काम करते. सध्या वाईतल्या एका वाड्याच्या दुरुस्तीचं काम आलंय. मालकांच्या ट्रंकेत १९७१ साली हातानं काढलेले नकाशे सापडले. एकूण अकरा शीट, बहुतेक अमोनिया प्रिंट (ट्रेसिंग पेपरवरून काढलेल्या प्रती). मूळ ट्रेसिंग कुणाकडे गेलं ते आता कुणालाच आठवत नाही. स्केल पाव इंचाला एक फूट. तळमजला, माडी, दोन सेक्शन, दर्शनी बाजू, खांब आणि महिरपींचे डिटेल. अक्षर इतकं देखणं की काम सोडून बघत बसावं.

मालकांनी गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या स्कॅनरवर ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) रंगीत स्कॅन करून पीडीएफ पाठवली. मॅडम म्हणाल्या, शुक्रवारपर्यंत कॅडमध्ये हवंय, हल्ली सॉफ्टवेअर आपोआप करतं म्हणे.

आता आपोआप काय झालं ते सांगते. पीडीएफमधून जेपीजी काढली, इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये घेतली, ट्रेस बिटमॅप केलं (चित्रावरून आपोआप रेघा काढणं), डीएक्सएफ (कॅडला वाचता येणारी फाइल) सेव्ह केली आणि ऑटोकॅड एलटीत (ऑटोकॅडची छोटी आवृत्ती) उघडली. फाइल ३८ एमबीची! जरा झूम केलं की कॉम्प्युटरचा पंखा विमानासारखा वाजतो. भिंतीच्या दोन रेघा होत्या, त्यांच्या चार झाल्या. देवघराच्या मापातल्या ६ या आकड्याच्या पोटातलं भोकसुद्धा वेगळी पॉलिलाइन (सलग जोडलेली रेघ) होऊन बसलंय. कागदाच्या घडीवर बारीक ठिपक्यांची रांग आलीय, एकेक ठिपका स्वतंत्र ऑब्जेक्ट. एक रेघ धरून ऑफसेट करावी (ठराविक अंतरावर समांतर रेघ काढावी) म्हटलं तर ती सरळ नाहीच, शंभर तुकड्यांची वळवळ आहे.

हे सगळं पुसून पुसून साफ केलंही असतं, पण मापंच जुळत नाहीत. वाड्याची खोली (रस्त्यापासून मागच्या भिंतीपर्यंत) ३२ फूट लिहिलीय. ते माप घेऊन रेफरन्स स्केल केलं (त्या मापावरून अख्खं चित्र लहानमोठं केलं), बरोब्बर ३२ फूट आलं. मग ओटीची आडवी लांबी बघितली. लिहिलंय १२ फूट ६ इंच, मोजल्यावर १२ फूट ४ ३/८ इंच. पूर्ण दर्शनी लांबी ४८ फूट हवी, तर ४७ फूट पावणेसहा इंच भरते. तीनदा मोजलं.

माझं काय चुकतंय? की याच्यासाठी दुसरं सॉफ्टवेअर लागतं?

---

झटपट_राजू

ऑनलाइन कन्व्हर्टरवर टाका. जेपीजी द्या, डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची फाइल) घ्या. दोन मिनिटांचं काम आहे, एवढं लिहिण्यात वेळ कशाला घालवलात?

---

रेघोटी (सातारा)

राजूभाऊ, दोन ठिकाणी करून बघितलं. त्याच चार रेघा आल्या. एकानं वर आडवा वॉटरमार्क मारून दिला.

---

टीस्क्वेअर (पुणे)

राजू, कुणाच्या राहत्या घराचा नकाशा, चोरदरवाजा आणि तिजोरीच्या कोनाड्यासकट, कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवर चढवायचा? मालकाला विचारलंत का, एवढं तरी बघा.

रेघोटीताई, उत्तर देण्याआधी तीन गोष्टी हव्यात.

एक. ती पीडीएफ उघडून ६४०० टक्क्यांपर्यंत झूम करा. रेघेच्या कडेला चौकोनी ठोकळे दिसतात, की रेघ तशीच धारदार राहते? अकराच्या अकरा शीटना बघा, एकच बघून सोडू नका.

दोन. मूळ स्कॅनमध्ये, ट्रेस केलेल्यात नाही, ४८ फुटांची भिंत किती पिक्सेल भरते आणि ३२ फुटांची किती? गिम्प या फुकट फोटो-सॉफ्टवेअरमध्ये मेझर टूल आहे, त्यानं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत मोजा.

तीन. प्रिंटवरच्या रेघा निळ्या आहेत, जांभळ्या, की तपकिरी?

---

रेघोटी (सातारा)

काका, दहा शीटना ठोकळेच दिसतात. अकरावं शीट (मागच्या अंगणातला नवा संडास-बाथरूमचा ब्लॉक) मात्र धारदार राहतंय. त्यावर तारीख २००९ ची आहे, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

पिक्सेल: ४८ फूट = ३५८८. ३२ फूट = २४१८.

रेघा निळ्या. कागद पिवळा पडलाय, घड्यांवर तपकिरी.

---

टीस्क्वेअर (पुणे)

झकास. सगळं यातच आहे.

आधी अकरावं शीट बाजूला काढा. ते कॅडमधूनच पीडीएफ झालेलं आहे, म्हणजे त्यात चित्र नाही, खऱ्या रेघा आहेत. एलटीत पीडीएफइम्पोर्ट कमांड आहे (२०१७ पासून), ती चालवा. अर्ध्या मिनिटात रेघा हातात येतील, फक्त स्केल लावून घ्या. हे न बघता स्कॅन समजून दोन दिवस रेघा गिरवत बसलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांत एक मीही होतो, पण तो विषय वेगळा.

आता तुमची मापं. पाव इंचाला एक फूट म्हणजे ४८ फूट कागदावर १२ इंच. ३०० डीपीआयला ते ३६०० पिक्सेल हवेत, तुम्हाला मिळाले ३५८८. ३२ फूट म्हणजे ८ इंच, हवेत २४००, मिळाले २४१८. म्हणजे तुमचं चित्र आडवं आखडलंय आणि उभं ताणलंय. तुम्ही उभं माप धरून स्केल केलंत, तेव्हा उभी बाजू जुळली आणि तेवढ्याच प्रमाणात आडवी आणखी आखडली. हिशेब करून बघा: ३५८८ भागिले ३६००, गुणिले २४०० भागिले २४१८. येतं ०.९८९२. १५० इंचाला त्यानं गुणा. १४८.४ इंच, म्हणजे १२ फूट ४ ३/८ इंच. तुम्ही बरोबर मोजलंय. रेफरन्स स्केल दोन्ही दिशांना एकाच पटीनं ओढतो, त्याला दोन वेगवेगळ्या चुका कशा दुरुस्त करता येतील?

उभं का ताणलं? मोठे स्कॅनर कागद रुळांमधून खेचतात. रूळ जरा घसरला, कागद जरा अडखळला, की त्या दिशेचं माप बदलतं. शिवाय अमोनियाचा कागद पन्नास वर्षं दमट-कोरडा होत आलेला. मशीनची चूक किती आणि कागदाची किती हे बघायचं असेल तर मूळ प्रिंटवर स्टीलची पट्टी ठेवून ४८ फुटांची भिंत मिलीमीटरमध्ये मोजा. ३०४.८ यायला हवी.

दुरुस्ती सोपी आहे. गिम्पमध्ये स्केल इमेज, मधली साखळी तोडायची, रुंदी आणि उंची वेगवेगळी भरायची. तुमचं शीट ए-वन असेल तर स्कॅन साधारण ९९३३ बाय ७०१६ पिक्सेलचं असणार. रुंदी करा ९९६६, उंची ६९६४. मग कॅडमध्ये घ्या आणि एकदाच स्केल करा. दर शीटला वेगळं मोजायचं, कारण रूळ प्रत्येक वेळी सारखाच घसरेल असं नाही.

हे दुखणं जुनंच आहे. १९८९ साली आमच्या ऑफिसात ए-वन आकाराचा डिजिटायझर (कागदावरचे बिंदू कॉम्प्युटरला देणारं टेबल) आला. एसी खोली, चपला बाहेर, आत जाताना साहेबांची परवानगी. नकाशा त्या टेबलावर सेलोटेपनं चिकटवायचा आणि सोळा बटणांचा पक (माउससारखं टिपायचं यंत्र) हातात घेऊन कोपरा-कोपरा टिपायचा. उंदीर म्हणावा तर फार मोठा, म्हणून आम्ही त्याला घूस म्हणायचो. पण ऑटोकॅडच्या टॅबलेट कमांडमध्ये कॅलिब्रेशनला तीन बिंदू देऊन अफाइन हा पर्याय निवडला की आडवं-उभं आपोआप वेगळं जुळायचं. आता एवढी मोठी मशीनं आली आणि पोरं एकच माप लावून मोकळी होतात.

आता चार रेघांचं. इंकस्केपच्या ट्रेस बिटमॅपच्या पोटात पोट्रेस नावाचा प्रोग्रॅम आहे, कॅनडातल्या पीटर सेलिंगर या गणितज्ञानं केलेला. नाव ‘पॉलिगॉन ट्रेसर’वरून आलंय. तो रेघ बघतच नाही, तो काळा भाग बघतो आणि त्याच्या कडेनं कुंपण घालतो. तुमची ०.५ मिलीमीटरच्या पेननं मारलेली रेघ त्याच्या लेखी लांबट काळं शेत आहे. शेताला दोन बांध असणारच. त्यामुळे त्याचं काही चुकलेलं नाही, तुम्ही त्याला चुकीचं काम सांगितलंत.

मग मधली रेघ काढणारं काही नाही का? आहे. इंकस्केप १.० पासून त्याच खिडकीत सेंटरलाइन ट्रेसिंग (ऑटोट्रेस) असा पर्याय आहे. विनटोपो या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्तीही हेच करते. पूर्ण ऑटोकॅड असेल तर त्याच्याबरोबर रास्टर डिझाइन मिळतं, एलटीला ते नाही. यातल्या पुष्कळांचं तंत्र एकच: रेघेची दोन्ही बाजूंनी साल सोलत जायची, एका पिक्सेलचा कणा उरेपर्यंत. झांग आणि स्युएन यांची १९८४ सालची पद्धत अजून चालते.

पण एकदा तुम्ही करून बघा आणि दोन भिंती टीसारख्या मिळतात तिथे झूम करा. ०.५ ची रेघ तुमच्या स्कॅनमध्ये सहा पिक्सेल रुंद आहे. सोलता सोलता सांध्यावरचा कणा आत ओढला जातो, टीचा वाय होतो. दोन-तीन पिक्सेलचाच बाक. तुमच्या स्केलला एक पिक्सेल म्हणजे जागेवर ४ मिलीमीटर, म्हणून भिंत सेंटीमीटरभर वाकडी. शिवाय काटकोनाचा कोपरा छाटला जातो, दाराचा पाव वर्तुळाचा कंस तीस-चाळीस तुकड्यांत येतो, आणि लाकडाचं हॅचिंग (लाकूड दाखवणाऱ्या बारीक रेघा) एकमेकांत मिसळून कोळ्याचं जाळं होतं.

म्हणून मी काय करतो ते सांगतो, पटलं तर घ्या. शीटवर दोन जातींच्या रेघा असतात. काहींच्या शेजारी आकडा लिहिलेला असतो: भिंती, खांबांची अंतरं, दारं, जिन्याच्या पायऱ्या. या रेघा ट्रेस करायच्याच नाहीत. आकडा वाचायचा आणि आकड्यावरून नव्यानं काढायच्या. चित्र खाली फिकट करून लॉक केलेल्या लेयरवर ठेवायचं, ते फक्त कुठली खोली कुठे आहे ते सांगायला. खांबांचा ग्रिड आधी मारा, भिंती ऑफसेट करा, दारांचे ब्लॉक टाका. एका हुशार मुलीला तळमजल्याला एक दिवस पुरतो. कचरा साफ करायला तुम्हाला चार लागले असते.

दुसरी जात म्हणजे जिच्याशेजारी आकडा नसतो, नुसता आकार असतो. महिरपीची वळणं, खांबाच्या माथ्यावरची केळफुलं, घोडमुखी ब्रॅकेट. ती सेंटरलाइननं ट्रेस करा. तिथे दोन मिलीमीटरनं कुणाचं बिघडत नाही.

आणि निळी रेघ, पिवळा कागद म्हणून विचारलं होतं त्याचं कारण: स्कॅन रंगीत आहे हे तुमचं नशीब. गिम्पमध्ये कलर्स, कंपोनंट्स, डीकंपोज. लाल, हिरवा, निळा असे तीन थर मिळतील. त्यातला फक्त लाल ठेवा. निळी शाई लाल थरात काळी दिसते, आणि पिवळा कागद आणि तपकिरी डाग लाल थरात जवळजवळ पांढरे होतात. मग थ्रेशोल्ड लावा, म्हणजे करडं सगळं एकतर काळं नाहीतर पांढरं होईल. तुमची घडीवरची ठिपक्यांची रांग नव्वद टक्के तिथेच जाईल.

पुढच्या वेळी झेरॉक्सवाल्याला जेपीजीऐवजी टिफ फाइल द्यायला सांगा. जेपीजी प्रत्येक रेघेभोवती करडी धूळ पसरते आणि ट्रेसर ती धूळही इमानेइतबारे गिरवतो.

---

जाळीवाला (इचलकरंजी)

टीस्क्वेअर काकांनी पोट्रेसला बाजूला केलं म्हणून दोन शब्द त्याच्या बाजूनं.

आपलं लेझर कटिंगचं दुकान. गिऱ्हाईक मोबाइलवर गणपतीचा, तुळजाभवानीचा, नाहीतर साडीच्या काठाचा फोटो पाठवतंय आणि म्हणतंय, गेटला अशी जाळी पाहिजे. आमच्याकडं रेघ नसतीच, पत्र्यात भोक असतंय. भोकाची कड पाहिजे, मधला कणा घेऊन काय करू? तिथं पोट्रेसच लागतंय. सेंटरलाइन लावली तर कटर एकदाच मधून जाईल आणि पत्रा चिरलेला, जाळी नाही.

ताई, महिरपीचं लाकडी काम पुढं सीएनसी राउटरवर (कॉम्प्युटरवर चालणारं लाकूड कोरायचं मशीन) जाणार असेल तर हे ध्यानात ठेवा. इंकस्केप डीएक्सएफ देताना स्प्लाइन (सलग वळणाची रेघ) देतंय. जुन्या कंट्रोलरला स्प्लाइन कळत नाही, नुसती जागा मोकळी सोडून पुढं जातंय. मी एकदा अख्खा मोर कापला, पिसारा गायब. एक्स्टेन्शन्समध्ये फ्लॅटन बेझियर्स करा (वळणाचे बारीक सरळ तुकडे होतात), मग डीएक्सएफ देताना एलडब्ल्यूपॉलिलाइनच्या खुणेवर टिक करा. त्याच्या आधी सिम्प्लिफाय (रेघेवरचे जादा बिंदू कमी करणारी कमांड) एकदाच मारा. दोनदा मारलं की देवीच्या नाकाचा बटाटा होतोय.

आणि माप! जुन्या इंकस्केपमध्ये इंचाला ९० पिक्सेल धरायचे, ०.९२ आवृत्तीपासून (२०१७ ची गोष्ट) ९६ झाले. माझ्याकडं जुनी फाइल होती, ६०० मिलीमीटरची जाळी. नव्यात उघडली, विचारलेल्या प्रश्नाला न वाचता ओके दाबलं, कापली. ५६२.५ भरली. चौकटीत बसवायला गेलो तर दोन्ही बाजूंनी हात आत जातोय. २ एमएमच्या पत्र्याच्या चार जाळ्या अजून दुकानाच्या माळ्यावर आहेत, कुणाला सव्वाछप्पन्न सेंटीमीटरची खिडकी असेल तर सांगा.

---

झटपट_राजू

एआयला द्या की मग. फोटो द्यायचा आणि डीएक्सएफ मागायची.

---

टीस्क्वेअर (पुणे)

पुतण्यानं हौसेनं करून दाखवलं. रेघा तुकतुकीत, कोपरे काटकोनी, बघून मन प्रसन्न. फक्त माजघराला एक खिडकी जास्त होती. कागदावर तिथे चहाचा डाग आहे.

---

गटनंबर (नाशिक)

वाडा गावठाणात असणार, म्हणजे परवानगीसाठी सिटी सर्व्हेची शीटही लागेल. तीही तुम्ही अशीच ट्रेस करून प्लॅनखाली बसवाल, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

शीट १:५०० ची असेल तर ३०० डीपीआयला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर सव्वाचार सेंटीमीटर. आणि हद्दीची रेघ जाडीनं ०.३ मिलीमीटर धरली तर ती रेघच जमिनीवर १५ सेंटीमीटर रुंद आहे. शेजाऱ्याच्या आणि तुमच्या भिंतीमधल्या वादाचा विषय बहुतेक त्याहून लहान असतो. त्या रेघेच्या अलीकडची कड धरायची की पलीकडची, हे सॉफ्टवेअर ठरवू शकत नाही आणि तुम्हीही ठरवू नका. हद्दीसाठी भूमी अभिलेखकडून मोजणी, बाकी सगळं केवळ अंदाजाला.

गावनकाशाचं तर बोलूच नका. १ इंचाला ६६० फूट, म्हणजे आपल्या ३३ फुटांच्या वीस साखळ्या. तिथे एक पिक्सेल ६७ सेंटीमीटरचा, रेघ जवळजवळ अडीच मीटरची.

बसवायला क्यूजीआयएस या नकाशांच्या फुकट सॉफ्टवेअरमधला जिओरेफरन्सर (स्कॅन खऱ्या जागेवर बसवणारं साधन) वापरा, कॅडमध्ये डोळ्यानं सरकवू नका. तिथे पॉलिनॉमियल १ घेतलंत की आडवं, उभं आणि तिरकं एकदम जुळतं, काकांचं ते तीन बिंदूंचं अफाइनच. सहा-आठ बिंदू द्या आणि प्रत्येकाची चूक बघा. थिन प्लेट स्प्लाइन निवडलं तर चूक सगळीकडे शून्य दिसते, त्यानं हुरळून जाऊ नका. तो दिलेल्या बिंदूंवर नकाशा ओढूनताणून बसवतोच, मधला भाग कुठे का जाईना.

---

रेघोटी (सातारा)

सगळ्यांचे आभार. उशिरा लिहितेय कारण मधले पाच दिवस डोकं वर काढलं नाही. शुक्रवारचा सोमवार झाला, मॅडम एक दिवस बोलल्या नाहीत, मग बोलल्या.

अकरावं शीट पीडीएफइम्पोर्टनं खरंच चहा होईस्तोवर झालं. लाल थराची युक्ती केली तेव्हा शेजारच्या टेबलावरचा पोरगा उठून बघायला आला. घडी होती तिथे कागद कोरा आणि निळी रेघ काळी कुळकुळीत. सहाव्या शीटवर मात्र कुणीतरी कधीतरी लाल पेन्सिलीनं दुरुस्त्या केलेल्या होत्या, त्याही लाल थरात पांढऱ्या होऊन गायब झाल्या. नशीब मूळ स्कॅन ठेवलं होतं. त्या हिरव्या थरातून वेगळ्या काढून वेगळ्या लेयरवर घेतल्या. एक दार बुजवून शेजारी नवं पाडल्याची खूण होती, ती हुकली असती.

प्रिंट स्टीलच्या पट्टीनं मोजली. ३२ फुटांची बाजू २०३.२ मिलीमीटर हवी ती २०३.५ निघाली. स्कॅनमध्ये तीच २०४.७ आहे. म्हणजे कागद बिचारा थोडाच ताणलेला, बाकीचं रुळांनी केलं. दहाही शीटना वेगळं मोजलं, दोन सारखी निघाली नाहीत.

जाळीवाले दादा, महिरप खरंच राउटरवर जाणार आहे. फ्लॅटन केलं. सुतारकाम करणाऱ्यानं आधी सागाऐवजी एमडीएफवर अर्धी कापून बघितली, बरोबर आली.

आता एक गंमत, खास टीस्क्वेअर काकांसाठी. तळमजला तुमच्या पद्धतीनं आकड्यांवरून काढला. खण, ओटी, सोपा, चौक, सगळं मांडत गेले आणि उजव्या टोकाला पोचले तर एकूण ४७ फूट ९ इंच. वरती स्पष्ट ४८ लिहिलंय. तीन इंच कुठे गेले? सगळे आकडे पुन्हा वाचले, ३ चा ८ वाचला का, १ चा ७ वाचला का. सगळं बरोबर. मग खालच्या चित्रावर माझी रेघ कुठून सुटते ते बघत डावीकडून निघाले. ओटी जुळते, सोपा जुळतो, माजघराच्या भिंतीपाशी सुटली ती सुटलीच. भिंतीवर २ फूट लिहिलंय, आणि चित्रात ती भिंत १६९ पिक्सेल भरते. २ फुटांच्या १५० व्हायला हव्यात. १६९ म्हणजे २ फूट ३ इंच.

शनिवारी टेप घेऊन वाईला गेले. त्या भिंतीत दार आहे, चौकटीशेजारी गिलावा सुटलेला, आतली वीट दिसते. टेप आरपार लावली. २ फूट ३ इंच, गिलाव्यासकट पाव इंच जास्त. म्हणजे १९७१ साली त्या माणसानं मापं घेऊन रेघ बरोबर मारली आणि आकडा लिहिताना चुकला. मी आकड्यावर विश्वास ठेवला आणि रेघ खरी निघाली.

---

टीस्क्वेअर (पुणे)

शाब्बास. हे माझ्या पद्धतीत बसत नाही, पण शाब्बास. आकड्यांची बेरीज एकूण मापाशी ताडून बघायची हे मी लिहायलाच विसरलो होतो, तुम्ही न सांगता केलंत. ही नोंद ड्रॉइंगवर त्या भिंतीशेजारी लिहून ठेवा: ‘मूळ नकाशात २ फूट, जागेवर २ फूट ३ इंच, मोजल्याची तारीख’. पुढचा माणूस तुमचा आकडा बघून तुम्हालाच नावं ठेवेल नाहीतर.

---

रेघोटी (सातारा)

लिहिली, काका. आता फक्त सातवं शीट उरलंय, जिन्याचं. चौदा पायऱ्या लिहिल्यात, चित्रात पंधरा दिसतात. परवा परत वाईला जातेय, या वेळी स्वतः चढून मोजते.